बाई आल्या का?

आमच्या ऑफिसातले किस्से ड्रॉवरमधल्या चार्जरांसारखे आहेत. एक ओढला की आणखी तीन गुंतून बाहेर येतात. त्यातलाच हा फॅक्सचा गुंता.

चंडीगडच्या या ऑफिसात आम्ही तिघंच मराठी: साताऱ्याची स्नेहा, कोल्हापूरचा निखिल आणि अमरावतीचा मी. नवा अमेरिकन क्लायंट म्हणाला, पेशंटचे कागद फॅक्सनेच पाठवू. "ईमेल है ना जी!" आमचे बॉस ढिल्लों सर म्हणाले. पण क्लायंटचा ईमेलवर विश्वास नव्हता. शुक्रवारपर्यंत ट्रायल फॅक्स पोचला नाही, तर काम गुडगावच्या टीमला जाणार होतं, आणि कामामागे स्नेहाही.

तिचा नवरा आर्मीत मेजर. लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं एका गावात राहत होते. घरात पडदे नुकतेच लागले होते.

*

मशीन आलं. भिंतीतल्या ज्या भोकात वायर बसली, त्यात निखिलने ती खुपसली. ते इंटरनेटचं निघालं. मशीन दिवसभर गप्प.

"नवीन आहे, लाजतंय," निखिल म्हणाला.

*

मग त्याने ते रिसेप्शनच्या फोनला जोडलं. रिंग वाजली आणि सवयीने त्यानेच फोन उचलला. "हां जी, कौन?" पलीकडून नुसती शिट्टी. "कोणीतरी वात्रट आहे," म्हणत त्याने फोन आपटला.

तो वात्रट म्हणजे ट्रायल फॅक्स होता. स्नेहाने निखिलशी बोलणं टाकलं. फॅक्सला वेगळी लाईन हवी, एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

*

शुक्रवारी सर म्हणाले, "फिकर नॉट. बाई जी को बोल दिया है, लाइन वो लगा देंगे."

स्नेहा लगेच गेटवर सांगून आली, "एक लेडी आएगी, सिर्फ उसी को ऊपर भेजना." दुपार झाली तरी बाईंचा पत्ता नाही. तेवढ्यात सर केबिनमधून ओरडले, "ओए, बाई जी को गेट से किसने भगाया?"

खाली पाहिलं, तर पगडीवाले एक धिप्पाड गृहस्थ खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन स्कूटरला किक मारत होते. सरांच्या गावाकडे बाई म्हणजे मोठा भाऊ, हे आम्हाला कोण सांगणार! स्नेहा जिन्यावरूनच हाका मारत सुटली, "बाई जी, रुकिए!"

*

संध्याकाळी लाईन लागली. रिंग वाजली. निखिलचा हात पुढे गेला, तो स्नेहाने घट्ट धरून ठेवला. मशीन घरघरलं आणि हळूहळू कागद बाहेर आला. त्यावर फक्त 'टेस्ट' लिहिलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी निखिललाच मिठी मारली.

स्नेहाने डोळे पुसत साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. "आई, गुडगाव टळलं! बाईंनी येऊन लाईन जोडली."

"वाटलंच मला," स्पीकरवर सासूबाई म्हणाल्या. "पुरुषांच्यानं होणारं काम नव्हतंच ते. त्या बाईची ओटी भरल्याशिवाय पाठवू नकोस हं."

समोर बाई जी दाढी सावरत चहा पीत होते. स्नेहाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "इथे मार्केटात नारळ मिळेल का रे?"