डावा तळहात

माझ्या नवऱ्याला झटका आला तो सकाळच्या पूजेत. आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी तोच हात बधिर झाला आणि लिंग फरशीवर पडलं. पूर्णेहून तातडीनं नांदेडला नेलं, स्टेंट टाकली, जीव वाचला. पण भेटायला येणाऱ्यांना ते छातीतल्या कळेचं सांगतच नाहीत. लिंग पडल्याचं सांगतात.

डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं चालतंय, रोज फिरा, दुकानात बसा. यांनी मान डोलावली आणि घरी येऊन अंथरूण धरलं. साधी ढेकर आली तरी चेहरा पांढराफटक. सारखी आपली नाडी बघायची. डावा हात तर दुसऱ्याचा सांभाळायला घेतल्यासारखा मांडीवर ठेवलेला. मला संताप यायचा. संताप कसला, भीतीच ती. माझी भीती नेहमी भांडतच बाहेर पडते.

आमचे स्वामी येऊन सांगून गेले, दोष काही नाही, पूजा सुरू करा. त्यांच्यासमोर यांनी लिंग गळ्यात घातलं. पूजा मात्र केली नाही.

"हाताचा भरवसा न्हाई राहिला," म्हणाले.

मग संध्याकाळी ते भिंतीला टेकून बसायला लागले. मांडी घातलेली, पाठ ताठ, डोळे मिटलेले. ध्यान करतात, असं शेजारणीला मी कौतुकानं सांगितलंही. परवा मी दुकान बंद करून घरी आले, तर यांचा डावा तळहात उघडा आणि त्यावर लिंग. झटक्यानंतर पहिल्यांदाच. माझे डोळे भरून आले.

"पूजा करायलाव?" मी विचारलं.

"न्हाई," डोळे न उघडता म्हणाले. "बघायलोय, हात असा राहतोय का. बसवताना वाकला न्हाई तर लय हाल व्हतील तुमचे."

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. असंच मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात आणि माती देतात.

"उठा आदी!" मी ओरडले. "डाक्टर म्हणतोय बरे झालाव, अन् तुमी मरायची तालीम करायलाव?"

ते हलले नाहीत. त्यांना उठवायचं बळ माझ्यातही उरलं नव्हतं. मी शेजारीच भिंतीला टेकून मटकन बसले.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं. किती दिवसांनी आवाजात माया होती.

"पाठ सरळ ठेव," म्हणाले.

आणि मी ठेवली.