अक्कांची केळी

चित्रावरची धूळ पुसायला टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासासरशी सावद्याजवळची ती बाग आठवली. इतक्या वर्षांनीही डोकं तापलं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आदल्या दिवशीच्या वादळाने केळीची अख्खी बाग आडवी केली होती. मी सकाळीच बांधावर स्टँड लावून रंगवायला बसलो. निसर्गाचा तडाखा जसा दिसतो तसाच मी उतरवतो, असा मला तेव्हा भलताच माज होता.

बागेच्या मालकीणबाईंना सगळे अक्का म्हणत. मोडलेल्या खांबांवरचे कच्चे घड त्या कोयत्याने उतरवत होत्या. चिकाने हात काळे झाले होते. त्या जवळ आल्या.

"काय करू राह्यले, भाऊ?"

"चित्र काढतोय. बाजूला व्हा, उजेड अडतोय."

त्या हलल्या नाहीत. बराच वेळ चित्र बघून त्यांनी कोयता मावळतीकडे केला.

"वारा तिकून आला व्हता. तुमी माही केय उलटी पाडली."

खरं होतं. चौकटीत छान बसावीत म्हणून मी केळीची सगळी झाडं उलट्या दिशेला पाडली होती.

"तुम्हाला चित्रातलं काय कळतं?" मी खेकसलो.

"चित्रातलं नही कयत," त्या म्हणाल्या, "पन बाग माही हाये." आणि पुन्हा घड कापायला लागल्या.

बघणारे अजून त्या वादळाचं कौतुक करतात. आज धूळ पुसल्यावर कोपऱ्यातली माझी सही दिसली. तिच्याखाली मीच ऐटीत लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष जागेवर बसून'.