भुलाबाईच्या रेकॉर्डची बटई

आमच्या अमरावतीच्या बाररूममध्ये किश्शांना कधी तोटा पडला नाही. खटला निकाली निघाला की कागद दप्तरखान्यात जातात आणि त्यांना वाळवी लागते. किस्सा मात्र आमच्या मोडक्या आरामखुर्च्यांवर ठाण मांडून बसतो. जिंकलेल्या वकिलाचा किस्सा तो स्वतः सांगतो, हरलेल्याचा बाकी सगळे सांगतात, त्यामुळे वाया काहीच जात नाही.

गिरजाबाईच्या दाव्याचे इतके किस्से साठले की नवीन आलेल्या ज्युनियरला ते ऐकल्याशिवाय चहा मिळत नसे. दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं, वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, आणि मी नुकताच दादासाहेब वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करू लागलो होतो. खरं सांगायचं तर मला कायद्यापेक्षा फोनोचंच, म्हणजे ग्रामोफोनचंच, वेड जास्त. लाखेच्या तबकडीत माणसाचा गळा शिरतो कसा, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

*

गिरजाबाईचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं. अमरावतीत राजापेठेच्या पलीकडे ती दुसऱ्याचा मळा बटईनं करायची आणि भाजी विकायची. भाद्रपदात पोरी भुलाबाई बसवून तिच्यापुढे गाणी म्हणतात ना, तेव्हा तिची गाणी ऐकायला चार गल्ल्यांतल्या बाया जमायच्या. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या एजंटानं ती ऐकली, तिला मुंबईला नेलं, दोन गाणी गाऊन घेतली आणि इंग्रजी करारावर अंगठा घेतला. खपलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे एक आणा, असं ठरलं. दोन दसरे उलटले तरी आणा काही दिसला नाही, म्हणून ती दादासाहेबांकडे आली.

दादासाहेबांनी तिला रॉयल्टी म्हणजे काय ते समजावायला घेतलं. कलाकाराचा हक्क, कंपनीचं भांडवल, विक्रीवरचा मोबदला. चांगला अर्धा तास गेला. बाई शांतपणे ऐकत होती.

"म्हंजे बटई म्हना ना जी," ती शेवटी म्हणाली. "गळा माहा, मशीन त्याइची. पिकलं का वाटा. ठोक्यानं नाई देल्ला म्या."

ठोका म्हणजे एकदाच रक्कम घेऊन मोकळं होणं आणि बटई म्हणजे पिकात वाटा, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दादासाहेबांनी चष्मा पुसला आणि मला कराराचं भाषांतर करायला बसवलं.

पैसे तिला कशाला हवे होते तेही तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ज्या मळ्यात राबायची त्याचा विहिरीलगतचा तुकडा मालक तिला विकायला तयार होता. तेवढाच एक ध्यास होता तिला.

*

आमच्या नोटिशीला कंपनीचं उत्तर आलं. अत्यंत सभ्य इंग्रजी! बाईंच्या रेकॉर्डी वऱ्हाडात पाठवल्या होत्या, परंतु लाखेचा माल नाजूक असल्यामुळे जवळजवळ सगळा रेल्वेत फुटला, सबब विक्री नाही, सबब देणं नाही, असा एकंदर मजकूर.

मी हे उत्तर मोठ्यानं वाचत होतो आणि समोरच्या हॉटेलात फोनोवर गिरजाबाई गात होती. पहिली बाजू संपली, पोऱ्यानं सुई बदलली, तबकडी उलटली, दुसरी सुरू झाली.

"ही फुटलेलीच वाजतेय वाटतं," दादासाहेब म्हणाले आणि त्यांनी दाव्याचा मसुदा करायला घेतला.

*

आता बटई म्हटलं की मालकानं मळणीच्या दिवशी खळ्यावर हजर राहायचं असतं. नाहीतर मोजताना माप हलकं पडतं. कंपनीचं खळं कुठं, याची चौकशी करून गिरजाबाई थेट अकोल्याला गेली. कंपनीचा माल विकणाऱ्या हिरालाल शेठच्या दुकानात पायरीवर पदर सावरून बसली. आम्हाला याचा पत्ताही नाही.

झालं असं की गिऱ्हाईक यायचं, भुलाबाईची रेकॉर्ड मागायचं आणि शेठ सांगायचा की गाणारी बाई ही काय, पायरीवर बसली आहे. मग गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, जरा म्हणून दाखवा. बाई भिडस्त नव्हतीच. ती दोन्ही बाजू म्हणून दाखवायची, वर रेकॉर्डमध्ये न मावलेली दोन कडवीही. गिऱ्हाईक खूष होऊन हात हलवत घरी जायचं. फुकट ऐकल्यावर पैसे कोण मोजतो?

आठवडाभरानं हिरालाल शेठ घामाघूम होऊन आमच्या ऑफिसात हजर. हात जोडून म्हणाला की या बाईला घेऊन जा, माझा धंदा बसला. दादासाहेबांनी बाईला बोलावून चांगलं खडसावलं. आपल्याच मालाचं गिऱ्हाईक आपण मोडत होतो, हे उमगल्यावर ती इतकी ओशाळली की दोन दिवस बाजारात आली नाही. पुढे मात्र जो भेटेल त्याला स्वतःच हसत सांगायची.

*

दावा उभा राहिला तेव्हा कंपनीनं मुंबईहून बॅरिस्टर आणला. त्याला आमचं वऱ्हाडी ऐकून सारखं वाटे की साक्षीदार आपल्याशी भांडतोय. त्याचा मुद्दा मात्र पक्का होता. भुलाबाईची गाणी पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या बायका म्हणतात, मग या बाईला वाटा कसला?

गाणी तुम्ही रचली का? नाही. मग ती कुणाची? साऱ्या बायांची. बॅरिस्टर खाली बसायच्या बेतात होता, तेवढ्यात बाई त्यालाच समजावू लागली.

"वावर मालकाचं, पानी देवाचं. पन वांगे म्या पिकोले तं वांग्याचे पैसे मलेच भेटतीन ना, भाऊ?"

जज्जसाहेब परप्रांतातले. साक्ष इंग्रजीत उतरवून घेताना ते वांग्यापाशी अडले आणि बॅरिस्टरलाच विचारू लागले की आपण याला काय म्हणता. बॅरिस्टरनं नाइलाजानं शब्द पुरवला. स्वतःच्या विरुद्धची साक्ष स्वतःच सांगणारा वकील मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

*

पुरावा म्हणून रेकॉर्ड कोर्टात वाजवावी लागली. फोनो राजापेठेतून मागवला. जज्जसाहेबांनी एक बाजू ऐकली, डोळे मिटले आणि न्यायाच्या दृष्टीनं दुसरीही ऐकणं आवश्यक आहे असं म्हणाले. पुढच्या तारखेला ताज्या स्मरणासाठी पुन्हा ऐकली.

मधल्या सुट्टीत काय चालायचं ते तर विचारूच नका. शिरस्तेदार ऐकायचे, बेलीफ ऐकायचे, वाशीमकडचे पक्षकार आपली तारीख विसरून ऐकायचे. त्यात सुई बदलायची असते हे कुणाला ठाऊक? निकालाच्या सुमारास त्या पुराव्यातून नुसती खरखर येत होती. दादासाहेबांनी नवी रेकॉर्ड बाजारातून विकत आणून दाखल केली. बाजारात ती मिळाली, याची नोंद घ्यावी अशी विनंती त्यांनी अगदी नम्रपणे केली.

*

तरी खप किती, हे राहिलंच होतं. इथं कंपनीनंच आमचं भलं केलं. बाई भांडखोर आहे हे दाखवायला त्यांनी हिरालाल शेठला साक्षीला आणलं. शेठनं पायरीवरच्या आठवड्याची कहाणी अगदी रडवेल्या आवाजात सांगितली.

दादासाहेब उलटतपासाला उठले. चेहऱ्यावर कळवळा.

"शेठजी, फार नुकसान झालं का हो तुमचं?"

"विचारू नका साहेब! बाई बसायच्या आधी बाजाराच्या दिवशी रेकॉर्डींची पेटी उघडली की संध्याकाळपर्यंत रिकामी. दुसरी पेटी मागवायला मुंबईला तार करायचो!"

दादासाहेब आभार मानून खाली बसले. बॅरिस्टर छताकडे पाहत होता.

*

निकाल आमच्या बाजूनं लागला, पण कंपनीनं नागपूरला अपील केलं. अपील म्हणजे आणखी काही वर्षं. इकडे बाळापूरचा एक व्यापारी विहिरीलगतच्या तुकड्यासाठी रोख रक्कम घेऊन उभा राहिला आणि मळ्याच्या मालकानं गिरजाबाईला पुढच्या अमावस्येपर्यंतची मुदत दिली. बाईचं तोंड उतरलं. मलाही तेव्हा फार वाईट वाटलं.

नेमकं त्याच सुमारास कंपनीला भुलाबाईची नवी रेकॉर्ड हवी झाली. दुसऱ्या दोन गायिका करून पाहिल्या होत्या, त्यांच्या रेकॉर्डी खपल्या नव्हत्या. कंपनीचा मॅनेजर इंजिनिअर आणि यंत्रं घेऊन अकोल्यात उतरला आणि निरोप धाडला की दोन गाणी गा, मग जुन्या हिशेबाचं बघू. दादासाहेब आणि मी बाईबरोबर गेलो.

कापसाच्या एका जिनवाल्या शेठच्या बंगल्यातली खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दाराखिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, आत भट्टीसारखा उकाडा. इंजिनिअरनं मला मेणाची जाडजूड तबकडी दाखवली. या मेणावर सुई आवाज कोरते, त्यावरून पुढे साचा होतो, आणि चुकलं तर मेण तासून पुन्हा वापरायचं. मी हरखून बघत होतो.

लाल दिवा लागला, म्हणजे कोरणं सुरू. मेण फिरू लागलं. गिरजाबाई गप्प.

इंजिनिअरला वाटलं, घाबरली. त्यानं मेण बदललं. पुन्हा लाल दिवा. बाई मायक्रोफोनसमोर ताठ उभी, ओठ मिटलेले. पहिल्या पिकाचा वाटा घरात आल्याशिवाय दुसरं पेरायचं नाही, हे ती आगगाडीतच आम्हाला सांगून चुकली होती.

मॅनेजरचा धीर सुटला. तो धावत तिच्याजवळ आला.

"अहो बाई, तुमच्या रेकॉर्डी हजारांनी खपल्या, तुमचे पैसे आम्ही देणं लागतो, मी नाही म्हणतो का? पण आधी गा तर!"

लाल दिवा तसाच होता. इंजिनिअर कानाला यंत्र लावून सुईकडे बघत राहिला. सुई चालूच होती.

दादासाहेब सावकाश उठले आणि त्या मेणाजवळ जाऊन उभे राहिले. "वा, मॅनेजरसाहेब! फार स्वच्छ आवाज. हे छापता की हिशेब करता?"

मॅनेजर ओरडला की ते आधी तासा. दादासाहेब म्हणाले की खुशाल तासा, पण का तासलं हे मी तुमच्या इंजिनिअरला नागपुरात शपथेवर विचारीन. इंजिनिअरनं हातातली मेण तासायची पट्टी खाली ठेवली.

मग पैशांची पेटी आली. सगळी रक्कम घोंगडीवर मोजली गेली, अपील काढून घेतल्याच्या कागदावर सही झाली. गिरजाबाईनं पैसे पदराला बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि गायला उभी राहिली. दिवा लागणार, तोच तिनं हात वर केला आणि बाजूला ठेवलेल्या, मॅनेजरचा आवाज कोरलेल्या त्या मेणाकडे बघत विचारलं,

"वकीलसाहेब, या सायबाले त्याच्या तबकडीचा वाटा भेटन का जी?"