दादाने धरलेला कटला

हैदराबादच्या फलाटावर दादाने माझी बॅग डाव्या हाताने उचलली. मी म्हटलं, "उजव्याला काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही गं, सवय झालीय." मग चालायला लागला तो थेट रिक्षापर्यंत.

माझा हा थोरला भाऊ सुधाकर. नोकरीच्या निमित्ताने ऐन तारुण्यात साताऱ्याहून इथे आला, इथल्याच मराठी घरातली मुलगी केली आणि इथलाच झाला. बँकेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मी मात्र लेकरं, शाळेची नोकरी, सासूबाईंचं आजारपण यांत अडकले आणि त्याच्याकडे यायचं राहतच गेलं. यंदा मार्चअखेर त्याचाच फोन आला. "शैला, ये या वेळी. मासे धरायची स्पर्धा आहे. माझी शेवटची."

कोठी बाजाराच्या अलीकडे रिक्षा थांबवून त्याने मला इराणी चहा पाजला. हा चहा म्हणजे एका भांड्यात उकळलेला कोरा चहा आणि दुसऱ्यात आटवलेलं दूध, दोन्ही कपात एकत्र होतात. सोबत खारट-गोड बिस्किटं. शेजारच्या टेबलावरचे लोक उर्दूत, तेलुगूत आणि दोन्हींच्या मधल्या कुठल्यातरी भाषेत बोलत होते. दादा त्या सगळ्यांत सहज मिसळून गेला होता. माझ्याशी बोलतानाही मधूनच "हौ" (हो) म्हणायचा आणि त्याला ते कळायचंही नाही.

बरकतपुऱ्यात त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली गुलमोहर, वर गॅलरीत वहिनीच्या कुंड्या. मंगलावहिनीचे आजोबा नांदेडकडचे. तिच्या बोलण्यात मराठवाडा अजून आहे. "बस माय, किती वाळलीस," म्हणत तिने ताट वाढलं. मऊ भात, पप्पू (आपल्या वरणाचा घट्ट भाऊ) आणि अंबाडीची गोंगुरा चटणी. एवढी तिखट, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. दुपारी दादा पडला असताना तिने मला खांद्याचं सांगितलं. उजव्या खांद्याचे स्नायू झिजलेत. पावसाळ्याआधी ऑपरेशन. नंतर हात वर जाईल, पण गळ फेकणं, ताण सोसणं कायमचं बंद.

"एवढी वर्षं जातोय, दुसरा आला, तिसरा आला, पण पहिला कधी नाही आला," वहिनी म्हणाली. "बोलत नाही तो, पण त्याला हवंय ते. मला ठाऊक आहे."

वाचकहो, आमच्या घरात मासा शिजत नाही, हे सांगायला हवं. दादाने आयुष्यात मासा चाखलेला नाही. मग हा नाद कसा, असं मीही विचारलं. बँकेतल्या एका मित्राने त्याला पहिल्यांदा तलावावर नेलं होतं. मासा धरायचा, तोलायचा, परत पाण्यात सोडायचा, एवढाच तो खेळ. शहराबाहेर यासाठी खास खोदलेली खासगी तळी आहेत. त्यांत कटला, रोहू, मृगळ असे कार्प जातीचे मासे पाळलेले असतात. गळाला उलटा काटा नसतो, म्हणजे माशाच्या तोंडाला फारशी इजा होत नाही. "माझ्या हातून आजवर एकही मासा मेला नाही," दादा म्हणाला. हे सांगताना तो नेहमीपेक्षा ताठ बसला होता.

संध्याकाळी आम्ही चिक्कडपल्लीच्या बाजारात गळाला लावायच्या चाऱ्याचं सामान आणायला गेलो. शेंगदाण्याची पेंड, बेसन, बडीशेप, वेलची. घरी आल्यावर त्याने बेसन मंद आचेवर भाजलं, वेलची कुटली आणि पाण्याचा हबका मारत सगळं मळलं. घरभर लाडवांचा वास. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "इतकी वेलची मला कधी चहात घालून दिली नाही या माणसाने." आम्ही खूप हसलो. त्या घरातली माझी ती सगळ्यात चांगली संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता युसुफभाई गाडी घेऊन खाली हजर. हे मलकपेठचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, दादाचे जुने जोडीदार. स्पर्धेत प्रतिस्पर्धी आणि गाडीत शेजारी. मला म्हणाले, "आपा, आप आये तो आज भाई जीतेंगे देखो."

विकाराबादच्या रस्त्याला लागलो तसं शहर मागे पडलं. मोठमोठे काळे दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे. मध्येच एखादं ताडाचं झाड, नव्या वसाहतींच्या कमानी, आणि कमानींच्या मागे अजून मोकळंच माळरान. एका टपरीवर पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) खाल्ला. दादाने अर्धाच खाल्ला. परीक्षेला निघालेल्या पोरासारखा तो सारखा घड्याळ बघत होता.

तळं पाहून मी जरा खट्टू झाले. मनात मी कमळं वगैरे धरली होती. हे होतं एक लांबट चौकोनी पाणी, काठाला गवत आणि ठरावीक अंतरावर रोवलेले आकड्यांचे खुंट. पूर्वी इथे द्राक्षाची बाग होती म्हणे. मालक रेड्डी गारू (गारू म्हणजे आपलं 'राव') प्रत्येकाला हात जोडून भेटत होते. चिठ्ठ्या काढून जागा ठरल्या. दादाला पलीकडच्या काठाची, उथळ बाजूची जागा आली आणि त्याच्या शेजारची नेमकी युसुफभाईंची. मी मागे खुर्ची टाकून बसले. मला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती.

शिट्टी झाली आणि सगळीकडे एकदम शांतता पसरली. माणसं बोलेनाशी झाली. दादाने गळाची काठी मागे नेली, चेहरा कसनुसा झाला आणि गळ दूर जाऊन पडला. प्रत्येक फेकीला तो ओठ दाबायचा. पण मासे लागत होते. आधी रोहू मिळाले, मग एक मृगळ. लहान मासे जाळीत ठेवायचे आणि शेवटी एकत्र तोलायचे. मोठा मासा मात्र लगेच तोलून लगेच सोडायचा, असा नियम. पंचांकडे वजनकाटा एकच होता आणि तो घेऊन ते तळ्याभोवती फिरत होते.

ऊन चढलं. टोपीखालून माझ्या कानावर घाम उतरत होता. लोक आता कंटाळून चुळबुळ करत होते, तेवढ्यात दादाची काठी एकदम वाकली.

ते मी कधी विसरणार नाही. दोरी पाणी कापत आडवी पळाली. दादा उभा राहिला, काठी पोटाशी टेकवली आणि उजव्या हाताला आधार म्हणून डावा हात कोपराखाली धरला. मासा ओढायचा, दादा सोडायचा. मासा थांबायचा, दादा गुंडाळायचा. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. त्याच्या पाठीला सदरा चिकटला. एकदा तो मोठ्याने कण्हला आणि मी खुर्चीतून उठले. युसुफभाईंनी स्वतःची काठी खाली ठेवली, जाळं घेऊन आले आणि गुडघाभर पाण्यात उतरले. शेजाऱ्याने एवढी मदत केलेली चालते.

वर आला तो कटला. केवढं ते डोकं! पाठ काळी, पोट चांदीसारखं, खवले रुपयाच्या नाण्याएवढे.  दादा नुसता हसत होता. दोघांनी मासा ओल्या कापडी झोळीत घातला आणि झोळी काठाच्या पाण्यात ठेवली. पंचांना हाक मारली.

पंच होते समोरच्या काठावर. तिथे दोन स्पर्धकांचा कुठल्याशा माशावरून वाद चालला होता. आम्ही हात हलवले. त्यांनीही हात हलवला, येतो म्हणून. पण वाद मिटेना.

युसुफभाई वाकून झोळीत बघत होते. माशाचे कल्ले भराभर उघडत-मिटत होते. ते म्हणाले, "भाई, छोड़ देव इसको. बहुत लड़ी है ये. किनारे का पानी गरम हो गया."

"तोलल्याशिवाय?" दादा म्हणाला.

"मैं देखा ना. सब लोगां देखे. छोड़ देव."

"देखने से नहीं चलता, युसुफ. तुमकू मालूम है."

दादाने समोरच्या काठाकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं. मग तो माझ्याकडे वळला. "शैला, काय करू गं?"

मला माशांतलं काही कळत नव्हतं. पण युसुफभाईंना कळत होतं, आणि ते काय म्हणाले ते मला नीट समजलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र वहिनी होती. त्याला हवंय ते, म्हणणारी. मी म्हटलं, "थांब रे थोडं. येतीलच ते आता."

 युसुफभाईंनी आपली टोपी काढून झोळीवर सावली धरली.

पंच आले तेव्हा मासा जिवंत होता. तोलला, आकडा लिहिला गेला, आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने फोटोसाठी मासा उचलायला सांगितलं. दादाने मान हलवली आणि झोळी घेऊन पाण्यात उतरला. त्याने मासा हळूच मोकळा केला. मासा सरळ झाला, थोडा पुढे गेला, आणि कुशीवर वळला.

दादाने त्याला पुन्हा धरलं. पोटाखाली एक हात, शेपटीशी दुसरा. तोंड खोल पाण्याकडे करून उभा राहिला, कल्ल्यांतून पाणी जावं म्हणून. "चल, चल राजा," असं पुटपुटत होता. आमची आई आम्हाला तापात असंच म्हणायची. सोडलं की मासा कलंडायचा. थोडं पुढे, जिथे पाणी गार असेल तिथे, दादा कमरेपर्यंत गेला. युसुफभाईही कपड्यांनिशी त्याच्या शेजारी गेले.

शेवटची शिट्टी झाली. जाळ्यांतले मासे तोलले गेले. मंडपातून भोंग्यावर नावं यायला लागली. तिसरा, दुसरा, आणि मग पहिला म्हणून दादाचं पूर्ण नाव. ते पाण्यावरून स्वच्छ ऐकू आलं. पुन्हा एकदा पुकारलं. दादाने वळूनही पाहिलं नाही. तो मासा सोडत नव्हता.

शेवटी युसुफभाईंनीच त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बस भाई. गयी वो."

रेड्डी गारू काठावर आले होते. भला माणूस. म्हणाले, उन्हाळ्यात होतं असं, मनाला लावून घेऊ नका. मग जरा अडखळत विचारलं, वाया घालवण्यापेक्षा कामगारांच्या घरी दिला तर चालेल का? दादा म्हणाला, "हौ, दे देव." त्याने स्वतः मासा उचलून त्यांच्या माणसाच्या हातात दिला. चषक घ्यायला मात्र तो गेला नाही. खूप आग्रह झाला. त्याने फक्त हात जोडले.

 परतीच्या वाटेवर गाडीच्या सीटवर दादाच्या ओल्या पँटचं पाणी पसरलं होतं. मला युसुफभाईंचा राग यावा असं वाटत होतं, त्यांनी जोर का केला नाही म्हणून. पण राग येईना. ते म्हणाले होते. स्पष्ट म्हणाले होते. बरकतपुऱ्यात उतरताना त्यांनी दादाला मिठी मारली आणि मला म्हणाले, "आपा, इनकू अकेला नक्को छोड़ना आज."

जिन्यात मी म्हटलं, "दादा, मी थांब म्हणायला नको होतं." तो दोन पायऱ्या वर होता. वळला नाही. "तुला विचारलं कुणी? मीच ना? मला जे ऐकायचं होतं तेच तू बोललीस." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी त्याच्या मुलाचा बंगळूरहून फोन आला. मी स्वयंपाकघरात वहिनीला भाजी निवडून देत होते. दादाचा आवाज ऐकू येत होता. "नाही रे. यंदाही नाही जमलं. हौ, संपलं आता." वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती माठाची पानं खुडत राहिली.

पुढचे दिवस दादाने मला शहर दाखवलं. चारमिनारच्या गल्ल्यांतून हिंडलो, बांगड्या घेतल्या, कुबानी का मीठा (जर्दाळूचं गोड) खाल्लं. माझ्यासाठी तो खूप बोलला, जुन्या नवलाच्या गोष्टी सांगितल्या. हुसेनसागरच्या काठी मात्र आम्ही बसलो तेव्हा तो पाण्याकडे पाठ करून बसला.

परतीच्या गाडीत समोर सोलापूरच्या एक बाई होत्या. गप्पिष्ट आणि प्रेमळ. डब्यातली धपाटी त्यांनी मला दिली. भावाकडे गेले होते म्हटल्यावर विचारायला लागल्या, भाऊ काय करतात, वेळ कसा घालवतात. मी मासे धरण्याच्या खेळाबद्दल सांगितलं. त्यांना फार गंमत वाटली.

"अन् सोडून देतात परत? वा! मग कधी पहिला नंबर आला का त्यांचा?"

बाहेर तांदूरच्या पुढचं तापलेलं रान पळत होतं. प्रवासाला माणूस काही मिळवायला जातो, असं मी मुलांना निबंधात लिहायला शिकवत आले. मी गेले त्या प्रवासात माझ्या भावाने एकाच दिवसात आयुष्यभर हवं होतं ते मिळवलं आणि आयुष्यभर जपलं होतं ते घालवलं. आणि दोन्हींच्या मध्ये माझा एक शब्द होता.

"नाही हो," मी म्हटलं. "नाही आला."