या वेळी चेहरा दिसणार!

मालिकेतल्या पाहुण्या कलाकाराचं काम म्हणजे पाच मिनिटांचा शॉट आणि दहा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसणं. सकाळी सातचा कॉल असतो, नंबर लागतो पाचला. मधल्या वेळात चहा येतो, पोहे येतात आणि किस्से जमतात. ते मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात.

मी डॅनियल, राहणार पनवेल. तीस वर्षं उरणला पोर्टात कारकुनी केली आणि रिटायर झाल्यावर या लाइनीत शिरलो. सेटवर मला दानीकाका म्हणतात. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचे बरेच नातेवाईक कधीच तिकडे इस्रायलला गेले. माझी आई माझ्या बहिणीकडे, रूथकडे, अश्दोदला असते. वय वर्षं शहाऐंशी. तिच्या बिल्डिंगमध्ये आपल्याकडच्या पाच-सहा म्हाताऱ्या आहेत. रोज संध्याकाळी सगळ्या आईकडे जमतात आणि मराठी मालिका लावतात. हिब्रू अजून धड येत नाही, पण कुठल्या जावेने कुणाच्या दुधात काय कालवलं, ते तोंडपाठ!

मी पहिलं काम केलं तेव्हा आईने सगळ्यांना सांगून टाकलं, "माझा डॅनी टीव्हीवर येतो." तिथेच पंचाईत झाली. कारण मी यायचो, पण दिसायचो नाही. शेजारच्या फ्लोरामावशीचा मुलगा दातांचा डॉक्टर. ती दर एपिसोडनंतर विचारायची, "मिल्का, तुझा मुलगा आला होता म्हणतेस, तो कुठे गं?" आईची सगळी इज्जत माझ्या चेहऱ्यावर अडकली होती.

*

पहिलं काम कोर्टात. मी स्टेनो. डायलॉग नाही, नुसतं टाइप करायचं. मला काम देणारा कोऑर्डिनेटर इम्तियाज, आपल्या पनवेलचाच. त्याने शब्द दिला होता, "दानीभाई, खुदाकसम, या वेळी चेहरा दिसणार!"

वकील झालेला नट सव्वासहा फूट. तो नेमका माझ्यापुढे उभा राहिला आणि अख्खा खटला तिथूनच लढला. टीव्हीवर त्याच्या काळ्या कोटामागून माझा एक कान तेवढा दिसला.

फ्लोरामावशी म्हणाली, "एवढाच?"

आई म्हणाली, "एवढाच, पण बापाचा कान आहे. मी कुठेही ओळखीन!"

*

दुसरं काम लग्नाचं. दिग्दर्शकाने फर्मान काढलं, "एकदम शुद्ध, पारंपरिक लग्न दिसलं पाहिजे!" अंतरपाटाचं एक टोक धरणारे गुरुजी म्हणजे मी. मला धोतर नेसवलं इम्तियाजने. नवरी वसईची, दर रविवारी चर्चला जाणारी. मंगलाष्टकं रेकॉर्ड केलेली. शुद्धतेत कुठे कसूर म्हणून नव्हती.

चार दिवस मी हात वर करून अंतरपाट धरला. कॅमेरा पलीकडच्या बाजूला. मी मनाशी म्हटलं, काही हरकत नाही, शेवटी अंतरपाट खाली येणारच. आला की समोर मीच!

चौथ्या दिवशी दारातून एक बाई ओरडली, "थांबा! हे लग्न होऊ शकत नाही!"

लग्न मोडलं. अंतरपाट होता तिथेच राहिला. त्या रात्री आईचा फोन आला, "त्या मेलीला दोन मिनिटं दम धरवत नव्हता?"

*

मग उरणच्या किनाऱ्यावर मी प्रेत झालो. वाळूत पालथा पडलेला, म्हणजे चेहऱ्याचा प्रश्नच मिटला. शूटिंग बघायला गावातली माणसं जमली होती. त्यातली मासळीची पाटी घेतलेली एक बाई ओरडायला लागली, "ओ सायेब, त्या म्हाताऱ्याला उठवा! भरतीचं पानी चरतंय. तुमाला म्हाईत नाय, आमी रोज बगतो."

दिग्दर्शक म्हणाला, "काका, अजिबात हलू नका. लाट छान येतेय."

लाट खरंच छान आली. माझ्या नाकातोंडात गेली आणि प्रेत खोकत उठून बसलं. बाई म्हणाली, "बगा! जित्ता हाय!"

शेवटी माझा शर्ट एका पोत्याला चढवला आणि ते पोतं वाळूत टाकलं. टीव्हीवर तेच गेलं. हे आईला सांगायचं राहून गेलं. "हे प्रेत त्याचंच," असं तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं. फ्लोरामावशी म्हणाली, "बरं सुधारलाय गं, पाठ केवढी झालीय!"

आमचा रोजचा व्हिडिओ कॉल असतो. तेव्हा त्यात मला आईचा चेहरा दिसायचाच नाही, फोन थेट कानाला लावलेला. अर्धा तास मी तिच्या कानाशी आणि कुडीशी बोलायचो. म्हातारी माणसं, त्यांना सवय कुठली, असं म्हणून मी हसण्यावारी न्यायचो.

*

एक दिवस इम्तियाज आनंदाने ओरडतच फोनवर आला, "दानीभाई, या वेळी चेहरा दिसणार! फक्त चेहराच दिसणार!"

फोटो हवा होता. हार घातलेला. पनवेलजवळच्या कोन गावातल्या एका बंगल्यात मालिका चालू होती, त्यातल्या आजीचा वारलेला मुलगा. तीन नटांनी अपशकुन म्हणून नाही म्हटलं होतं. मी दिला. बायको म्हणाली, "आधी आईंना कळवा, नाहीतर तिकडे रडारड व्हायची." कळवलं.

सहा महिने मी त्या हॉलच्या भिंतीवर होतो. कुणीही भांडलं की रडत माझ्यासमोर यायचं आणि कॅमेरा माझ्या तोंडावर! फ्लोरामावशीने हार मानली. सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "मिल्का, मुलगा देखणा आहे गं."

मला वाटलं, आई आता हवेत असेल. मी विचारलं, "काय गं, झालं ना समाधान?"

ती म्हणाली, "झालं की. पण तू काही बोलत का नाहीस?"

"आई, मी मेलोय!"

"मग जिवंत होतास तेव्हा तरी कुठे बोललास?"

*

मी हसत हसत हे रूथला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "दादा, आईला दीड वर्षापासून दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, बस. डॉक्टरांनी हात टेकले. तुला सांगू नको म्हणाली. त्या बायकांनाही सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर आपल्याकडे टीव्ही बघायला यायच्या नाहीत, असं तिच्या मनात."

मला फार लागलं ते. तो कानाला लावलेला फोन आठवला. तिचं ते पोत्याला ओळखणं आठवलं. मी दीड वर्ष चेहरा दाखवायला धडपडत होतो, आणि ती प्रत्येक एपिसोडला कान लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी इम्तियाजला गाठलं. "चेहरा नको. मला एक वाक्य दे. कसलंही."

इम्तियाज चक्रावला. "दानीभाई, अख्खी दुनिया चेहरा मागते!"

पण त्याने शोधलं. उलव्याच्या एका फ्लॅटमधल्या शूटिंगमध्ये मला लिफ्टपाशी म्हणायचं होतं, "वर जाताय का?" मी म्हटलंही, अगदी स्वच्छ. टीव्हीवर तिथे विजा कडाडल्या. कारण हिरोइनला नेमकं तेव्हाच सत्य समजलं होतं.

*

आता शेवटचा किस्सा.

कोनच्या त्या मालिकेची घसरगुंडी सुरू झाली, तेव्हा लेखकांनी ठरवलं की आजीचा मुलगा मेलेलाच नाही! परत येणार! त्यासाठी एक मोठा नट घेतला. भिंतीवरून माझा फोटो उतरवून त्याचा लावला, हार तोच ठेवला. घरातल्या चौदा माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

पण मोठ्या नटाला महिनाभर वेळ नव्हता. तोवर फोन तरी येऊ दे, असं ठरलं. फोनवर काय, कुणाचाही आवाज चालतो.

इम्तियाज चाचरत म्हणाला, "दानीभाई, नाराज होऊ नका. या वेळी चेहरा अजिबात दिसणार नाही."

मी त्याला मिठीच मारली.

वाक्य एकच होतं. "हॅलो... आई, ओळखलंस का?" काचेच्या खोलीत माइकसमोर उभं राहून म्हणायचं. नऊ टेक झाले. दिग्दर्शक म्हणत होता, "काका, थोडी कमी भावना. एवढं रडवेलं नको." अश्दोदला मी काही कळवलं नाही. उगाच आशा लावायची आणि वर पुन्हा विजा कडाडायच्या!

एपिसोड लागला तेव्हा मी पनवेलला टीव्हीसमोर उभाच होतो. आजीने फोन उचलला. संगीत थांबलं. माझा आवाज आला. आजीचे डोळे विस्फारले, कॅमेरा तीनदा तिच्या तोंडावर गेला, तिच्या हातातून फोन पडला आणि एपिसोड संपला. ती एक शब्द बोलली नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. फ्लोरामावशी. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला फोन केला होता.

"डॅनी, आत्ताच्या एपिसोडमधे तो फोन आला ना, तेव्हा मी म्हटलं, हा कोण गं, कोणी दिसत तर नाही. तर तुझ्या आईने मला गप्प केलं. हात टेकत टेकत टीव्हीपाशी गेली आणि त्याला म्हणाली, 'ओळखलं रे बाळा. बोल.'"