सात तारखेच्या माई

लोक देवाला जाताना धुतलेलं लुगडं नेसतात, आमच्या माई बिलं भरायला जाताना नेसायच्या. सात तारखेला कारखान्यात पगार व्हायचा. अण्णा सायकल भिंतीला टेकवून पाकीट माईंच्या हातात द्यायचे. चहा झाला की माई हिरवं इरकली लुगडं नेसत, कुंकू नीट करत आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर पडत. चाळीतलं कुणी तरी हमखास विचारायचं, "काय माई, लग्नाला का?" त्या म्हणायच्या, "द्यायला निघालेय. मागायला जाताना माणूस वाकतोच. द्यायला जाताना तरी ताठ जावं."

मी चिंचवडला आले ती लग्न होऊन, रत्नागिरीकडच्या एका लहान गावातून. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला होता आणि आमचे हे तिथे बदली कामगार म्हणून लागले होते. स्टेशनच्या अलीकडे एका बागायतदाराने सहा खोल्यांची पत्र्याची चाळ बांधली होती. आमची खोली पाचवी, माईंची सहावी. अण्णा बॉयलरवर होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. माई पंचेचाळिशीच्या, सावळ्या, अंगाने काटक, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी टोचावं आणि मग पटावं.

बिलं कुठल्या क्रमाने भरायची हे त्यांचं ठरलेलं होतं. बहुतेक बायका आधी घरभाडं देत, कारण मालक दारात येऊन ओरडायचा. माईंचं उलटं. पहिले पैसे झाडूवाल्या बाईचे, मग दूधवालीचे, मग धोब्याचे, मग वाण्याचे आणि सगळ्यात शेवटी मालकाचे. "मालकाला दोन दिवस उशीर झाला तर त्याची भाकरी करपत नाही," त्या म्हणायच्या. "ज्याची चूल आपल्या पैशावर पेटते त्याचं आधी." पैसे कधी फेकायच्या नाहीत की ओट्यावर ठेवायच्या नाहीत. हातात द्यायच्या आणि वर एखादं वाक्य असायचंच. "या महिन्यात दूध चांगलं घातलंस हो." धोब्याला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "अण्णांचा सदरा बघून साहेबाने त्यांना खुर्ची दिली." धोबी तो किस्सा वर्षभर सांगत होता.

म्हणून त्या भोळ्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. वाण्याने एकदा हिशेबात तूरडाळ दोनदा लावली, तेव्हा माई त्याच्या दुकानात तासभर बसल्या. "डाळ माझ्या घरी आली असेल तर ती कुणी खाल्ली ते सांगा. आम्ही दोघंच आहोत." शेवटी त्याने कान धरले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "भांडायचं ते बिल भरायच्या आधी. भरल्यावर भांडतो तो मूर्ख आणि भरायचं नाही म्हणून भांडतो तो लबाड."

विजेचं बिल भरायला तेव्हा आम्हाला गाडीने पुण्याला जावं लागे. पुरुषांना कामावरून सुटी मिळायची नाही, म्हणून माई सगळ्या चाळीची बिलं घेऊन जायच्या. अक्षरओळख जेमतेम, पण पावतीवरचा शिक्का नीट उमटला नसेल तर खिडकीपासून हलायच्या नाहीत. मागे रांग वाढायची. कारकून वैतागून म्हणायचा, "बाई, कळतंय हो काय लिहिलंय ते." माई म्हणायच्या, "तुम्हाला कळतंय. मला घरी जाऊन सहा जणांना कळवायचंय." येताना त्या आमच्यासाठी मंडईतली लिंबं आणत आणि लिंबांचे पैसे मात्र कधी घेत नसत.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या लाजेच्या दिवसांत. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, मला सातवा महिना होता आणि यांना विषमज्वर झाला. पाच आठवडे हे अंथरुणावर होते. बदली कामगाराला काम केलं तर पगार, नाही तर काही नाही. सात तारीख आली आणि गेली. आठ तारखेला सकाळी दारात सोनाबाईचा आवाज आला. सोनाबाई आकुर्डीकडची, डोक्यावर चरवी घेऊन चालत येणारी आमची दूधवाली.

"वैनी, हाय का घरात?"

मी आतून कडी घातली आणि भिंतीला पाठ लावून बसले. हे तापातून डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. मी ओठावर बोट ठेवलं. तिने तीनदा हाक मारली. मग बांगड्या वाजल्या, चरवी उचलल्याचा आवाज आला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्या दोन दिवसांत मी यांना बिनदुधाची पेज दिली.

दुसऱ्या दिवशी सोनाबाई गेल्यावर दारावर थाप पडली. "कडी काढ. मी आहे, माई."

त्या आत आल्या, यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मला पडवीत घेऊन गेल्या. मला वाटलं, आता पैसे देतील. खरं सांगायचं तर मी मनातून तीच वाट बघत होते. माई म्हणाल्या, "तुला दुधाचे पैसे मी आत्ता देऊ शकते. पण मग पुढच्या महिन्यात तू माझ्यापासून लपशील. चप्पल घाल."

"कुठे जायचं?"

"सोनाबाईकडे."

"माई, तिला सांगू काय? पैसे नाहीत म्हणून?"

"तेच सांगायचं. पैसे असले की कुणीही जातं. नसताना जायला हवं, तेही तिने यायच्या आत."

बाजूच्या बाईला यांच्यापाशी बसवून आम्ही निघालो. रस्ता शेतातून होता, ऊन चढलं होतं आणि माझं पोट ओढत होतं. माई माझ्या चालीने हळू चालत होत्या. सोनाबाई गोठ्यात शेण काढत होती. आम्हाला पाहून ती उभी राहिली, पण हसली नाही. माई गोठ्याच्या दाराशीच थांबल्या. मलाच बोलावं लागलं. यांचा ताप, पगार नाही, दोन दिवस मी घरात असून दार उघडलं नाही, सगळं मी एका दमात सांगितलं आणि रडले.

सोनाबाईने हात धुतले. "आवं वैनी, पैशाचं ऱ्हाऊ द्या. दार लावलंत तवा मला वाटलं, माझ्या दुधात काय खोट निघाली. मी म्हटलं, ह्यांचं मानूस आजारी पडलं ते माझ्या दुधानं का काय. दोन दिस जीव थाऱ्यावर न्हाई माझा."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी स्वतःची लाज झाकायला कडी घातली होती आणि घोर तिला लागला होता. ती पुढे म्हणाली, "समदं न्हाई, पर पेंडीपुरतं तरी द्या. म्हस काय उधारीवर दूध देत न्हाई." माझ्या कनवटीला दोन रुपये होते, ते मी दिले. बाकीचे हे कामावर गेल्यावर द्यायचे ठरलं आणि दूध दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

वाण्याकडे इतकं सोपं गेलं नाही. त्याने चारचौघांत सुनावलं, साखर आणि तेल बंद केलं आणि फक्त तांदूळ द्यायला कबूल झाला. बाहेर आल्यावर माझे कान लाल झाले होते. माई म्हणाल्या, "ऐकून घ्यायचं. त्याचे पैसे अडकलेत, तो एवढं बोलणारच. तांदूळ तर मिळाले ना?"

परत येताना त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते बार्शीकडे शिंपी होते. गावातल्या एका मोठ्या घरच्या लग्नाचे सगळे कपडे त्यांनी शिवले, रात्रंदिवस मशीन चालवून. पैसे मागायला ते स्वतः गेले नाहीत, त्यांना ते जमायचं नाही. नऊ वर्षांच्या माईला पाठवायचे. "मी पायरीवर बसून राहायचे. आतून पुरणाचा वास यायचा. कुणीतरी येऊन सांगायचं, मालक झोपलेत. ते झोपलेले नसायचे ग, त्यांचं हसणं मला ऐकू यायचं."

हे बरे झाले, मुलगी झाली, दीडेक वर्षाने हे कायमही झाले. सात तारखेला मीही आता माईंबरोबर निघू लागले. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी अण्णा कामावर जायला निघाले, दारात सायकलचं हँडल धरलं आणि खालीच बसले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला कारखान्यातले बाबूराव आले. अण्णांच्याच खात्यातले. ते बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले आणि उठताना माईंना म्हणाले, "वहिनी, अण्णांनी घेतलेल्या तीनशे रुपयांचं काही मनात ठेवू नका. मी ते सोडले."

माईंना ठाऊकच नव्हतं. हळूहळू सगळं कळलं. अण्णांच्या धाकट्या भावाचं सायकलचं दुकान बुडत होतं. माईंनी पूर्वी एकदा बजावलं होतं, "त्याला आता एक पैही द्यायची नाही." अण्णांनी बायकोला न सांगता बाबूरावांकडून पैसे घेतले आणि भावाला दिले. दुकान तरीही बुडालं. अण्णा दोन वर्षं ओव्हरटाइमच्या पैशातून थोडेथोडे फेडत होते. तीनशे उरले होते.

बार्शीहून माईंचा भाऊ त्यांना न्यायला आला होता. माई गेल्या नाहीत. अण्णांच्या जागी त्यांना कारखान्यात बाटल्या धुवायच्या खात्यात घेतलं. जन्मात घराबाहेर नोकरी न केलेली ती बाई भोंग्याबरोबर जेवणाचा डबा घेऊन निघू लागली. हातांची कातडी सोड्याने सोलून निघायची. मी खोबरेल लावून द्यायची. दर सात तारखेला त्या बाबूरावांच्या हातात थोडे पैसे देत. बाबूराव म्हणायचे, "कशाला वहिनी?" माई म्हणायच्या, "तुम्ही सोडलेत, मी नाही सोडले." दीड वर्षाने शेवटचे दहा रुपये देऊन त्या आल्या, त्या दिवशी चाळीत सगळ्यांना वाटलं की अण्णा गेल्यापासून अबोल झालेल्या माई आता पुन्हा पूर्वीसारख्या बोलतील. पण त्यांनी दोन दिवसांत बार्शीला भावाकडे जायला सामान बांधलं.

स्टेशनवर पोचवायला मी एकटीच गेले. गाडीला वेळ होता. ट्रंकेवर बसून माई रुळांकडे बघत होत्या. मी म्हटलं, "माई, आता कुणाचं काही राहिलं नाही. निवांत राहा."

तेव्हा त्या रडल्या. अण्णा गेले तेव्हासुद्धा मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"सुमे, मी सगळ्या जगाला शिकवत फिरले की अडचण असली तर जाऊन सांगा. सोनाबाईला सांगा, वाण्याला सांगा. आणि माझ्या घरातल्या माणसाला मला सांगता आलं नाही ग. दोन वर्षं तो माणूस माझ्यासमोर जेवायला बसत होता आणि पोटात हे घेऊन उठत होता. मी इतकी वाईट होते का?"

"नाही माई," मी म्हटलं. गाडी आली. मी ट्रंक आत ढकलली. खिडकीतून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. तो हात खरखरीत लागला. त्यानंतर आमची भेट झाली नाही. वर्षादीडवर्षाने त्यांच्या भावाचं पत्र आलं, त्यात त्या गेल्याचं लिहिलं होतं.

त्या दिवशी स्टेशनवरून मी घरी आले तेव्हा हे पहिल्या पाळीवरून परतले होते आणि मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. मी समोर बसले आणि म्हटलं, "मला सांगितलं नाही असं काही असेल तर आज सांगा. मी ओरडणार नाही."

हे मुलीचा फ्रॉक नीट करत राहिले. मग म्हणाले, "आईला दरमहा पाच रुपये जास्त पाठवतो. तुला राग येईल म्हणून बोललो नाही."

राग आला होता. मी तो गिळला, उठून चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. हे बोलत राहिले. इतकं सलग बोलताना मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.