खोटं मोजणाऱ्या बाई

आमच्या आईला फिजिओथेरपीचे व्यायाम द्यायला येणाऱ्या असिस्टंट बाईंइतकं बिनदिक्कत खोटं मोजणारं माणूस अख्ख्या पनवेलात सापडायचं नाही. आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज चार वाजता या बेलपाड्याच्या बाईंना घरी धाडायला सुरुवात केली. कागदावर स्वच्छ लिहिलेलं, पाय दहा वेळा उचलणे. बाई मोजायच्या, "सहा, सात, सात, सात... आजी, समोरच्यांची सून परत आली काय?" आई उत्साहाने सुनेची हकीकत सांगायची आणि पाय बिचारा पंधरा वेळा वर जाऊन यायचा. आई मलूल असली की चारानंतर थेट दहा! मी एकदा चूक दाखवायला गेले तर म्हणाल्या, "ताई, डॉक्टर कागद बगतात, मी चेहरा बगते. चेहरा दमला का दहा झाले." कोन मोजायची पट्टी आणि सुके बोंबील एकाच पिशवीत, त्यामुळे आमच्या शाकाहारी घरात पिशवीचा मुक्काम दाराबाहेर. वॉकर कसा धरायचा? "जावयासारका. मान द्यायचा, पन भार टाकायचा नाय."

सगळं खरं, पण माझा हात धरल्याशिवाय आई पाऊल टाकेना. आता चालल्या नाहीत तर अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझा जीव नुसता टांगणीला! शेवटी एक दिवस बाईंनी मला सरळ स्वयंपाकघरात हाकललं. "तुमचा हात हाय तवर आजी चालनार नाय." आत मी पदर तोंडात कोंबून उभी. बाहेर आईचा आरडाओरडा, "मेले, पडेन ना मी!" मग एकदम शांतता. बघते तर वॉकर धरून, रागाने लालबुंद आई स्वयंपाकघराच्या दारात. "या बाईला आत्ताच्या आत्ता काढून टाक!" तक्रार करायला चालत आली होती हो! मागे बाई, दोन्ही हात आईच्या पाठीशी धरलेले, पण न टेकवलेले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

या धंद्याचं असंच. काम फत्ते झालं की येणं बंद. महिन्याभराने डॉक्टरांनी बाईंना दुसऱ्या घरी लावलं.

परवा चारच्या सुमाराला आईचा दबलेला आवाज कानावर आला. फोनवर होती. "डॉक्टर, अहो पाऊल म्हणून उचलत नाही. त्या बाईंना जरा धाडता का?" हे मला ऐकू जाऊ नये म्हणून आई एकटी, कशाचाही आधार न घेता, पार गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेली होती. मी पावलं न वाजवता आत वळले. चार वाजले की मलाही करमत नाही.